रामाकोन्याचा कम्प्यूटर

कंपनीचं पत्र पुंडलिकरावांनी तीन वेळा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच ओळीवर अडकले. 'उमेदवारास ओळखणाऱ्या दोन प्रतिष्ठित व्यक्ती' असं तिथे छापलं होतं आणि पुढे नाव-पत्त्यासाठी रिकामी जागा होती. शहरातल्या माणसाने दोन नावं खरडली असती आणि पत्र पोस्टात टाकलं असतं. पण रामाकोन्यात नुसत्या नावावर आजवर कोणाचं काम झालं आहे? सोयरीक असो, बैलजोडीचा सौदा असो की शेताच्या धुऱ्याचा तंटा असो, ज्याचं नाव घ्याल त्याला समोर आणून बसवावं लागतं. म्हणून पुंडलिकरावांनी कागदावर दोन नावं लिहिली आणि लगेच त्या दोघांच्या घरी निरोप द्यायला गेले. "सोमवारी सकाळच्या बसनं पांढुर्ण्याले जायचं हाय. कपडे धुऊन ठेवा."

त्यांच्या मुलीला, नलिनीला, हे कळलं ते सोमवारी सकाळी, थेट बसच्या थांब्यावर. तिथे मोरेश्वर गुरुजी छत्री घेऊन उभे होते आणि त्यांच्या शेजारी गावचे सरपंच भैय्याजी फेटा बांधून, मिशीला तेल लावून सज्ज होते.

"बाबा, नुसतं नाव लिहायचं असते," नलिनी हळूच म्हणाली. "माणसं न्यावी लागत नाहीत."

"असू दे. नाव खोटं हाय असं कोणी म्हणलं तं? माणूस समोर असला म्हणजे बोलायले जागाच राहत नाही."

नलिनीने कपाळावर हात मारला. बोलायचं बळ तिने मुलाखतीसाठी राखून ठेवलं होतं.

हा तिचा तिसरा इंटरव्ह्यू. छिंदवाड्याच्या कॉलेजातून गणित घेऊन ती बी. एस्सी. झाली, तीही पहिल्या वर्गात. तिला कम्प्यूटरचे प्रोग्रॅम लिहायचे होते. सत्याऐंशी साली तालुक्याच्या सौसरमध्ये हा शब्द उच्चारला तरी लोक अदबीने गप्प बसत, कारण ते यंत्र कोणी पाहिलेलंच नव्हतं. आधीच्या दोन्ही मुलाखती नागपूरला झाल्या. दोन्हीकडे पहिलाच प्रश्न होता, कोणत्या मशीनवर काम केलं? नलिनीने खरं ते सांगितलं, कोणत्याच नाही. दोन्ही वेळा पाच मिनिटांत ती बाहेर आली. परवा संध्याकाळी ती आईला म्हणाली होती, "हा शेवटचा, आई. इथंही नाही झालं तं मी ते पुस्तक बांधून माळ्यावर टाकते. मंग तुम्ही म्हणान ते करीन." दाराआड बैलांचं दावं वळत बसलेल्या पुंडलिकरावांनी ते ऐकलं आणि दावं बाजूला ठेवलं. संत्र्याचा बहार गळून गेला तरी एवढं वाईट वाटलं नसतं. पोरगी हट्ट करत होती तोवर त्यांना चिंता नव्हती, पण ती आता 'तुम्ही म्हणान ते' म्हणायला लागली होती.

आणि त्या पुस्तकासाठी त्यांनी स्वतः काय कमी खस्ता खाल्ल्या होत्या?

ते पुस्तक मोरेश्वर गुरुजींचं. गुरुजींनी तीस वर्षं सौसरच्या शाळेत गणित शिकवलं आणि रिटायर होऊन ते गावी आले. नागपूरच्या भाच्याने त्यांना प्रोग्रॅमिंगचं इंग्रजी पुस्तक पाठवलं. नलिनीला शिकायचं होतं, गुरुजींना शिकवायचं होतं, पण यंत्राचा पत्ता नव्हता. गुरुजींनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी पुंडलिकरावांच्या ओसरीवर येऊन सांगितलं, "मशीन करते काय? हुकूम वाचते आन् आकडे डब्यात ठेवते. आपण माणसं बसवू."

मग डालड्याचे रिकामे डबे आले. नलिनी कागदावर प्रोग्रॅम लिहायची. गुरुजी त्यातली एकेक ओळ मोठ्याने वाचायचे, तो झाला हुकूम. डब्यांवर माणसं बसवलेली असायची. नवा आकडा आला की जुनी चिठ्ठी फेकायची, नवी टाकायची, आणि विचारलं की डब्यात असेल तो आकडा सांगायचा. पुंडलिकराव एका डब्यावर बसले. चहाच्या आशेने रोज येणारे भैय्याजी आपसूकच दुसऱ्या डब्यावर बसले. त्यांच्याकडे मोजणीचा डबा होता. गावचा सरपंच दर फेरीला एक आकडा वाढवून "तीन!", "चार!" असं ग्रामसभेच्या आवाजात ओरडतो, हे पाहायला सुरुवातीला पोरंटोरं जमत. पुढे लोकांना त्याची सवय झाली.

पुंडलिकरावांचा डबा मात्र पहिले सहा महिने गावात सगळ्यात वाईट डबा होता. माणूस हुशार, तोच त्यांचा दोष. पोरीचं गणित चुकतंय असं दिसलं की ते डब्यात नसलेला बरोबर आकडा सांगून मोकळे व्हायचे. गुरुजी खवळायचे. "तुम्ही डबा हाय का तिचे वकील? डबा विचार करत नाही. डब्यात जे हाय ते सांगते. बस्स!" शेवटी पुंडलिकराव सुधारले. दोन वर्षं, शेतातून आलं की हातपाय धुऊन तिसऱ्या प्रहरी ओसरीवर डबा होऊन बसायचं, हा त्यांचा नेम झाला.

बस पांढुर्ण्याला पोचली तेव्हा दहा वाजले होते. नागपूरची ती कंपनी नवी होती. आसपासच्या जिनिंग कारखान्यांमधल्या कापसाच्या गठाणींच्या नोंदी कम्प्यूटरवर घ्यायचं काम तिला मिळालं होतं आणि त्यासाठी इकडचंच कोणी तरी हवं होतं. म्हणून कंपनीचे किनखेडे साहेब आणि स्मिता मॅडम जीपमध्ये गादीवर कम्प्यूटर ठेवून तो पांढुर्ण्याला घेऊन आले होते. एका जिनिंगच्या गेस्ट हाऊसमध्ये मुलाखती होत्या. एकोणीस उमेदवार आले होते. त्यातले निम्मे टाय लावलेले, नागपूर-भोपाळच्या क्लासची सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या पिशवीत घालून बसलेले. मुलगी एकटी नलिनी.

व्हरांड्यातल्या बाकावर तिघे जण तिच्याशेजारी बसले. चपराशी यादी घेऊन आला आणि भैय्याजींसमोर थांबला.

"तुमचा नंबर कितवा, काका?"

"मी उमेदवार नाही," भैय्याजी फेटा सावरत म्हणाले. "मी प्रतिष्ठित व्यक्ती हाय."

टायवाली पोरं खो खो हसली. नलिनीची मान खाली गेली, आणि पुंडलिकरावांना पहिल्यांदा वाटलं की आपण चुकलो. पोरीचं आत पाऊल पडायच्या आधीच आपण असं हसं करून ठेवलं. त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली, पण आता इलाज नव्हता. परतीची बस संध्याकाळी होती.

प्रत्येकाला एकच गणित होतं, सात आकड्यांतला सगळ्यात मोठा शोधायचा. आधी ते कागदावर सोडवायचं, मग आत जाऊन कम्प्यूटरवर टाइप करून चालवून दाखवायचं. नलिनीचा नंबर सतरावा. तेरा जण आत जाऊन आले आणि अडीच वाजता लाईट गेली.

अर्धा तास गेला, तास गेला. किनखेडे साहेब तीनदा बाहेर येऊन तारांकडे पाहून गेले, जणू त्यांच्या पाहण्याने तारा लाजून कामाला लागणार होत्या. साडेतीनला ते व्हरांड्यात उभे राहिले आणि म्हणाले, "मशीन उद्या सकाळी नागपूरला पाहिजे आहे, आम्हाला निघावं लागेल. राहिलेल्या सहा जणांपैकी ज्यांच्याकडे क्लासचं सर्टिफिकेट आहे त्यांनी ते द्या, आम्ही पाहू. बाकीच्यांना पुन्हा कधी तरी बोलवू."

'पुन्हा कधी तरी' म्हणजे काय, ते पुंडलिकरावांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. सहापैकी पाच पिशव्या खळखळ उघडल्या. नलिनीच्या हातात फक्त घडी केलेला कागद होता. ती उठून उभी राहिली.

"सर, माझं लाईटशिवाय चालते."

"म्हणजे?"

"मी लाईटवर शिकलेच नाही. माझा कम्प्यूटर हा इथं बसला आहे." आणि तिने बाकाकडे बोट दाखवलं.

साहेबांनी पाहिलं. एक म्हातारा छत्रीच्या मुठीवर हनुवटी टेकून बसलेला, एक फेटेवाला तंबाखू मळत असलेला आणि एक टोपीवाला घामाघूम झालेला. पोरं पुन्हा हसायला लागली. साहेबांनाही हसू आवरेना. पण मागे दारात उभ्या असलेल्या स्मिता मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "कसा चालतो?"

नलिनीने सांगितलं. गुरुजी हुकूम वाचतात, बाबा एक आकडा धरतात, भैय्याजी मोजतात. मॅडमनी घड्याळ पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बसवा तुमचा कम्प्यूटर."

व्हरांड्यात टेबल आलं. मॅडमनी सात चिठ्ठ्यांवर सात आकडे लिहिले आणि ओळीने मांडले. बेचाळीस, पासष्ट, एकतीस, अठ्ठ्याहत्तर, बारा, छप्पन, एक्क्याण्णव. त्यातला सगळ्यात मोठा कोणता ते प्रोग्रॅमने शोधायचं. लहान पोरालाही दिसेल, पण यंत्राला डोळे नसतात. ते एका वेळी एकच चिठ्ठी उचलतं, हातातल्या आकड्याशी ताडून पाहतं, मोठी असेल तर ठेवतं आणि पुढे जातं. भैय्याजींना मोजणीसाठी पाण्याचा ग्लास मिळाला. पुंडलिकरावांना काहीच मिळेना, तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढून दोन्ही हातांत उलटी धरली. चारचौघांत बोडक्या डोक्याने उभं राहायची त्यांची ती पहिलीच वेळ. "अहो काका, टोपी राहू द्या," किनखेडे साहेब चपापून म्हणाले. "काही होत नाही, साहेब," पुंडलिकराव म्हणाले. "कामाची गोष्ट हाय."

गुरुजींनी नलिनीचा कागद हातात घेतला आणि त्यांचा शाळेतला आवाज तीस वर्षांच्या तालमीसकट बाहेर पडला.

"पहिली चिठ्ठी टोपीत टाका!"

बेचाळीस टोपीत पडली. "गिनती दोन!" भैय्याजी गरजले. गिनती जेवढी, तेवढ्या नंबरची चिठ्ठी पाहायची. दुसरी चिठ्ठी पासष्टची, ती बेचाळीसपेक्षा मोठी. जुनी बाहेर, नवी आत. गिनती तीन. एकतीस लहान, ती तशीच राहिली. गिनती चार. अठ्ठ्याहत्तर आली, पासष्ट गेली. गिनती पाच, बारा लहान. गिनती सहा, छप्पन लहान. तिघांचं इतकं बिनचूक चाललं होतं की टायवाल्यांचं हसणं थांबलं आणि ते खुर्च्या सरकवून जवळ आले. पुंडलिकरावांची छाती टोपीच्या वर फुगली.

"गिनतीत एक वाढवा!"

"सात!"

"गिनती साताहून कमी असंन तं तिसऱ्या ओळीवर जा." गुरुजी एवढं वाचून थबकले. सात काही साताहून कमी नसतात, म्हणजे चिठ्ठी ताडायच्या तिसऱ्या ओळीवर परत जायचं नाही. चूक त्यांच्या लक्षात आली, पण हुकूम तो हुकूम. पुढची ओळ त्यांनी हळू आवाजात वाचली. "टोपीतला आकडा सांगा."

सातवी चिठ्ठी टेबलावर तशीच पडून होती. तिला कोणी हात लावला नव्हता. एक्क्याण्णव. पुंडलिकरावांच्या डोळ्यांपासून ती हातभर अंतरावर होती. टोपीत अठ्ठ्याहत्तर होते. पोरीचं एका घराने चुकलं होतं.

"काका, काय आलं उत्तर?" मॅडमनी विचारलं.

खरं सांगायचं तर त्या क्षणी पुंडलिकरावांचं मन डळमळलं. तोंडातून एक शब्द जायचा होता. टोपीत कोण डोकावून पाहणार होतं? एक्क्याण्णव म्हटलं की पोरगी पास. अठ्ठ्याहत्तर म्हटलं की पुस्तक माळ्यावर आणि पोरगी 'तुम्ही म्हणान ते'. गुरुजींनी डोळे मिटून घेतले होते. पुंडलिकरावांनी नलिनीकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे पाहत होती, पण तिच्या नजरेत विनवणी नव्हती. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं की टोपीत काय आहे.

"अठ्ठ्याहत्तर," ते म्हणाले.

मागून कोणी तरी 'गेली' असं पुटपुटलं. किनखेडे साहेबांनी पेनाला टोपण लावलं. पुंडलिकरावांना वाटलं, धरणीने पोटात घेतलं तर बरं.

नलिनी त्यांच्याकडे आता पाहत नव्हती. "भैय्याजी, तुमच्याजवळ काय आहे?"

"सात."

"गुरुजी, पाचवी ओळ पुन्हा वाचा."

"गिनती साताहून कमी असंन तं तिसऱ्या ओळीवर जा."

"सात झाले की परत जाणं बंद. सातवी चिठ्ठी पाहिलीच नाही गेली." तिने गुरुजींच्या हातातून कागद घेतला, पाचव्या ओळीतला सात खोडला आणि तिथे आठ लिहिला. "चूक माझी आहे, सर. कम्प्यूटर बरोबर सांगून राहिला होता. पुन्हा चालवू?"

साहेबांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं.

या वेळी गुरुजींचा आवाज जिनिंगच्या फाटकापर्यंत गेला. भैय्याजींचं "सात!" ऐकून दोन हमाल पाहायला आले. अठ्ठ्याहत्तर टोपीबाहेर पडले, एक्क्याण्णव आत गेले, आणि मॅडमनी विचारायच्या आधीच पुंडलिकरावांनी टोपी पुढे करून दाखवली.

किनखेडे साहेब खुर्चीत मागे रेलले. ते मूळचे नागपूरचेच, आणि आता त्यांच्या तोंडची शहरी भाषाही सुटली. "काका, ती एक्क्याण्णवची चिठ्ठी तुमच्या नाकासमोर होती. दिसली नव्हती का?"

"दिसली नं, साहेब."

"मग अठ्ठ्याहत्तर काऊन सांगितलं? पोरगी तुमचीच आहे नं?"

"म्हणूनच तं सांगितलं. मी एक्क्याण्णव म्हणलो असतो तं तिले चूक दिसली कशी असती? आन् उद्या तुमच्या मशीनमधी मी थोडाच बसणार हाय?"

आता सगळेच हसले, मॅडमसुद्धा. मग त्या साहेबांकडे वळून म्हणाल्या, "सर, आज सकाळपासून तेरा जण मशीनवर बसले. त्यातल्या चौघांची हीच चूक झाली. दोघे म्हणाले मशीन बिघडली आहे, एक म्हणाला गणितच चुकीचं दिलं आहे, आणि चौथा अजून शोधून राहिला असता, लाईट गेली म्हणून सुटला. हिला किती वेळ लागला?"

साहेबांनी नलिनीचा कागद घेतला, तिला आणखी चार-पाच प्रश्न विचारले. तिने काहींची उत्तरं दिली, एकाला 'येत नाही, शिकून घेईन' म्हणाली. पुंडलिकरावांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांना एवढंच दिसलं की पाच मिनिटं उलटून गेली, दहा झाली, पंधरा झाली, आणि साहेब अजून विचारतच आहेत.

शेवटी किनखेडे साहेब उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि पुंडलिकरावांसमोर उभे राहिले. "काका, पहिले सहा महिने नागपूरला शिकायला राहावं लागेल. मॅडमच्या घराशेजारी मुलींसाठी चांगली खोली आहे, काळजी नाही. मग काम इकडचंच, पांढुर्णा-सौसरचं. तुमची परवानगी असेल तर आजच कागद करतो. बोला, पाठवता का?"

सगळे पुंडलिकरावांकडे पाहू लागले. रीतच तशी होती, पोरीचं काहीही असो, उत्तर बापाने द्यायचं. भैय्याजींनी तर सरपंच या नात्याने होकार द्यायला तोंडही उघडलं होतं. पुंडलिकरावांनी त्यांच्या हातावर हात ठेवून त्यांना थांबवलं. टोपीतली चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली, टोपी झटकून डोक्यावर नीट बसवली.

"परीक्षा तिची घेतली, साहेब," ते म्हणाले. "तं विचारायचंही तिलेच."

नलिनी बापाकडे पाहतच राहिली. बावीस वर्षांत तिच्याबद्दलचा कोणताही प्रश्न आधी तिला विचारला गेला नव्हता, शाळेत नाव घालतानाही नाही. तिने ओढणी सावरली आणि साहेबांकडे वळली.

"येते, सर. पहिल्या तारखेपासून."

कागद होईपर्यंत पुंडलिकराव बाहेर जाऊन पायऱ्यांवर बसले. थोड्या वेळाने मोरेश्वर गुरुजी छत्री टेकत आले आणि त्यांच्याजवळ टेकले. टायवाली पोरं समोरच सायकलींची कुलपं काढत उभी होती.

"पुंडलिकराव," गुरुजी हळूच म्हणाले, "रडून राहिले काय?"

समोरून नुकतीच कापसाची गाडी गेली होती, धूळ उडाली होती. डोळ्यांत कचरा गेला म्हणता आलं असतं आणि गुरुजींनी मानही डोलावली असती. पुंडलिकरावांनी डोळे पुसले नाहीत.

"हो, गुरुजी, रडून राहिलो," ते एवढ्या मोठ्याने म्हणाले की पोरांनी वळून पाहिलं. "माह्या पोरीनं नोकरी मिळवली. पाहू द्या साऱ्यांले."